दुसऱ्या पानावरची सही

डिसेंबरचा दुसरा आठवडा आला की
माझ्या खिडकीपाशी ओले बूट जमतात.
गालिच्यावर मिठाचे पांढरे डाग,
हातात तीच पानं, घडीवर विरलेली,
आणि सगळ्यांचं एकच:
डोरीन, तेवढी सही करतेस?

निळं पेन. दुसरं पान. खालची ओळ.
सकाळी माझं आडनाव पूर्ण असतं,
चारपर्यंत त्याची नुसती अळी होते.
या अळीवर भरवसा ठेवून
क्वाबेना कुमासीला जातो, थुई ह्यूला जाते,
आणि मी, जिनं आयोवाबाहेर
फार तर दुलूथपर्यंत गाडी हाकली,
जिच्याकडे स्वतःचा पासपोर्ट नाही,
त्यांना बजावते: येताना हा कागद हातात ठेवा,
बॅगेत टाकू नका, बॅगा हरवतात.

एन्खजिनला समजावताना माझी जीभ अडखळली.
तिच्या व्हिसाची तारीख मार्चमध्येच उलटलेली.
म्हणजे मी इथे चोरून राहते का?
नाही गं, तुझं राहणं अगदी नियमात.
फक्त बाहेर पडलीस
तर आत यायला नवा शिक्का लागेल.
ती विचार करून म्हणाली,
आमच्याकडे कुत्र्याला असं बांधतात,
दोरी लांब ठेवतात, त्याला वाटतं मोकळाच आहे.
मग स्वतःच हसली,
आणि उलानबातरचं तिकीट काढलं.

मेहरनूश कधीच रांगेत नसायची.
साडेचार वर्षं. तिचा व्हिसा एका वेळचा,
काडीसारखा, ओढला की संपला.
सुट्टीत वसतिगृहाचे हीटर बंद करतात
तेव्हा ती प्रयोगशाळेत झोपायची,
मक्याच्या शेतातली माती बरण्यांत भरून
तिच्यातला नायट्रोजन मोजत.
बहिणीचं लग्न तिनं फोनवर पाहिलं.
कुणीतरी फोन फळांच्या ताटाला टेकवून ठेवला होता,
अर्धा वेळ नुसती डाळिंबं दिसत होती.

यंदा ती आली.
बाबांची नजर उतरत चाललीय, म्हणाली,
मला त्यांना दिसायचंय.
मी नियम सांगू लागले, तिला पाठ होते.
तिच्या देशात आमची वकिलात नाही,
येरेवानला जावं लागेल,
तिथे किती दिवस लावतील ते कुणी सांगत नाही.
चार वाजून गेले होते.
मी अख्खं आडनाव काढलं, सकाळसारखं.
सायकल तिनं माझ्या गॅरेजमध्ये लावली.
येतेच जानेवारीत.

जानेवारीत सगळे आले.
क्वाबेनानं केळ्याचे तिखट काप आणले,
थुईनं तिळाची वडी, दाताला चिकटणारी.
एन्खजिनचं वाळवलेलं दही
शिकागोच्या विमानतळावर काढून घेतलं,
शिक्का मिळाल्याचं विसरून ती दह्याचंच बोलत राहिली.
येरेवानहून एक ओळ:
कागद तपासणीत आहेत.
फेब्रुवारीत तीच ओळ.
मार्चमध्ये फोटो, पावाच्या भट्टीवरची खोली,
खिडकीत बरणी,
बरणीत तिथली माती.

नियमात पाच महिने आहेत.
मे उजाडला, अर्धा सरला.
पडद्यावर तिचं नाव काढलं.
कारणांच्या यादीतून एक निवडायचं होतं,
त्यात 'वाट पाहते आहे' नव्हतं.
मी 'दीर्घ अनुपस्थिती'वर बोट ठेवलं.
संगणकानं विचारलं, नक्की?
मी उठून कॉफी करून आले.
तो तसाच विचारत होता.

परवा शेजारचा मुलगा गॅरेजच्या दारात.
ही सायकल विकायचीय का?
नाही. एका मुलीची आहे.
कधी येणार ती?

वीस वर्षं हा रकाना
मी इतरांकडून भरून घेतला.
म्हटलं, पंप तिकडे कोपऱ्यात आहे,
मागच्या चाकात हवा भर.
रोज थोडी थोडी जाते.